तात्पुरते बाहेर

भिलाईच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात, मी चौतीस वर्षं काढली आणि एकाचीही खोटी हजेरी लावली नाही. सख्खा साळा चार मिनिटं उशिरा आला, त्यालाही हाफ-डे लावला! तो अजून माझ्या घरी चहा घेत नाही. तेव्हा भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीच्या आमच्या मराठी मंडळाने स्वयंसेवकांसाठी सॉफ्टवेअर करायचं ठरवलं, तर त्यात नावं भरायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

सॉफ्टवेअर बनवत होती कीर्ती, अध्यक्ष कृष्णरावांची सून. मोबाइलवर निरोप जाणार, माणूस 'हो' किंवा 'नाही' दाबणार, ड्यूटी आपोआप लागणार. मी जुनं रजिस्टर घेऊन बसलो. आमच्या मंडळाची एक रीत आहे. गाव सोडून गेलेल्याचं नाव कोणी खोडत नाही. पुढे 'तात्पुरते बाहेर' लिहितात. प्रेमानंद सव्वीस वर्षांपासून तात्पुरता बाहेर आहे, हैदराबादेत त्याचं दुमजली घर आहे. माझा समीर सात वर्षांपासून तात्पुरता पुण्यात. मागच्या तीन गणपतींत आला नाही.

"काका, यातले गावात कोण-कोण हायेत?" कीर्तीने विचारलं.

"रजिस्टरात हाय म्हणजे मंडळात हाय," मी म्हणालो.

शेऱ्याचा रकाना तिने ठेवला नव्हता. मीही मागितला नाही.

निरोप गेला : रविवारी गणपतीचा महाप्रसाद, वाढायला येणार का? संध्याकाळपर्यंत एकसष्ट 'हो'! दरवर्षी जेमतेम नऊ जण मिळतात, त्यातही तिघांचे गुडघे रिटायर झालेले. कृष्णराव तर पुरीसारखे फुगले. दुर्गहून ठरवलेल्या वाढप्यांना त्यांनी नको म्हणून कळवलं आणि हथखोजच्या दोन वर्कशॉपांना जेवायचं आवतण देऊन आले. एकूण चारशे पानं.

मी यादी पाहिली. एकोणिसावं नाव, समीर. हो. ड्यूटी, वरण.

वच्छलाला सांगितलं तर आमच्या मंडळी थेट फोनकडे धावल्या. मी अडवलं. पोरगा सरप्राइज देऊन राहिला, त्याचा विचका कावून करायचा? खरं कारण वेगळं होतं. फोन केला की ऑफिसचं काम निघतं. विचारलंच नाही, तर नकार कुठून येणार? वच्छलाने त्याची गादी उन्हात टाकली, करंज्या तळल्या. शनिवारी मी दुर्ग स्टेशनवर पुण्याच्या गाडीच्या वेळेला सहज चक्कर मारली आणि हमाल माझ्याकडे संशयाने बघेपर्यंत थांबलो. मग वाटलं, विमानाने येत असेल.

रविवारी नऊ जण आले. तेच नऊ, तेच गुडघे. पानं मांडलेली, चारशे माणसं बसलेली. कीर्तीने घाबरून पहिला नंबर लावला, प्रेमानंदचा.

"कुठे हायेस तू?" कृष्णराव ओरडले.

"हैदराबादले."

"मंग हो कावून दाबलं?"



"भाऊ, इतक्या वर्षांनी कोनी विचारलं, येतं का म्हनून. नाही कसं दाबू?"

बाकीचे एक्कावन्न फोन करायची गरज उरली नाही. कृष्णराव माझ्याकडे असे पाहू लागले, की वरणाऐवजी मलाच वाढतील. तेवढ्यात हथखोजचा वेल्डर तेजराम पानावरून उठला, बाह्या सरकवल्या, भाताचं पातेलं उचललं. "राहन दे कका, हमन परोस देबो." पाठोपाठ त्याचे दहा-बारा सोबती उठले. सगळं वाढलं गेलं. वरणाची बादली मात्र मी कोणाच्या हाती दिली नाही. चारशे पानांवर मीच वरण वाढलं, आणि दर पंगतीला एकदा फाटकाकडे पाहिलं.

संध्याकाळी हजेरी भरायला बसलो. गैरहजर, गैरहजर, गैरहजर. एकोणिसाव्या नावावर बोट थांबलं. वरण तर वाढलं गेलं होतं, म्हणजे ड्यूटी झालीच होती. चौतीस वर्षांची अब्रू आठवली आणि मधला मार्ग म्हणून हाफ-डे लावला.

वच्छला मागून वाकून पाहत होती.

"अख्खा दिवस लावा," ती म्हणाली. "पोरगं इतक्या दुरून हो म्हन्ते, अन् तुमी हाफ-डे लावून राहिले?"

लावला. तिच्या भावाला मात्र यातलं काही सांगू नका.