सुरतकडचा गुडघा

आमच्या कॉलनीतल्या सुकदेव आबांना वर, खाली, डावं, उजवं हे शब्द चालत नाहीत. त्यांच्या जगात दोनच दिशा आहेत: सुरतकडे आणि भुसावळकडे. नंदुरबार स्टेशनातून गाड्या दोनच बाजूंना जातात, तेव्हा देवानंही तेवढ्यावरच भागवलं असणार, असं त्यांचं मत.

मागच्या दिवाळीत त्यांना फराळाला बोलावलं. ताटाकडे पाहून म्हणाले, "ताई, भुसावळकडनी चकली कडक शे. सुरतकडनी द्या." मी वाद न घालता ताटच अर्धं फिरवलं. आबा शांतपणे म्हणाले, "आते कडक चकली सुरतले गयी."

गुडघा दुखायला लागला तेव्हा दवाखान्यातही मीच नेलं. डॉक्टर नवीन होते, पुण्याकडचे.

"कोणता गुडघा दुखतो?"

"सुरतकडना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला. त्यांनी आबांची खुर्ची वळवून पुन्हा विचारलं, "आता कोणता?"

"तोच. पन आते तो भुसावळकडे वना ना, साहेब."

डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे लिहून दिले.

आबांची स्टेशनबाहेर चहाची टपरी होती. टपरी पुतण्याकडे देऊन बरीच वर्षं झाली, पण आबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फलाटावर हजर असतात. कुणी बोलावत नाही, कुणी हाकलतही नाही. कोळशाचं इंजिन जाऊन विजेचं आलं, एका रुळाचे दोन रूळ झाले, ते सगळं आपल्याला विचारूनच झालं असावं, अशा थाटात ते सांगतात. शिवाय नंदुरबारला ते 'जंक्शन' म्हणतात. मी एकदा वेळापत्रक नेऊन दाखवलं की इथे दुसरी लाईन फुटत नाही, सबब हे जंक्शन नाही. आबांनी वेळापत्रक घडी घालून मला परत दिलं.

"तळोदानी जीपमाईन उतरनात, आठे गाडीमा बठनात. जठे मानूस बदलस, तठे जंक्शन. कागदले काय समजस?"

फलाटावरचं त्यांचं काम एकच. गाठोडं घेतलेलं कुणी दिसलं की आडवं जायचं आणि कुठे जायचं ते विचारायचं, "कथा जानं शे?" समोरचा 'खाली' म्हणाला की आबा भडकलेच. "वर-खाल माले सांगू नको! गावनं नाव सांग!" मग दंडाला धरून योग्य फलाटावर उभं करायचं आणि गाडी सुटेपर्यंत हलायचं नाही. लोक त्यांना तिकीट तपासनीस समजून तिकीट दाखवतात. आबा तेही तपासतात.

गेल्या महिन्यात फलाटांमधल्या पुलाच्या पायऱ्यांवर त्यांना चक्कर आली. नाशिकहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला, "मावशी, तुमचं ते ऐकतात. स्टेशन सोडवा नाहीतर मी त्यांना इकडे घेऊन येतो." काम अंगावर आलं की मी यादी करते. स्टेशन सोडण्याची नऊ कारणं लिहिली, महत्त्वाच्या क्रमाने लावली आणि शुक्रवारी सकाळी रजा टाकून फलाट गाठला.

आबा बाकावर होते. मी पहिलं कारण वाचलं, "वय." दुसरं, "गुडघा." तिसऱ्याला आबांनी हात वर केला.

"ताई, खाली म्हंजे काय?"

"खाली म्हणजे खाली."

"आपला सातपुडाना मानूस मजुरीले गुजरातमा जास, तो म्हनस खाली जाई ऱ्हायनू. डोंगर उतरस ना तो! आनि रेल्वेवाला भुसावळना गाडीले म्हनस डाउन. डाउन म्हंजे बी खालीच."

मला कारण क्रमांक चारकडे जायचं होतं. आबा रुळांकडे बघत होते.

"टपरीवर एक बाई वनी. कडेवर पोर. तिना नवरा पानी भराले गयेल व्हता. म्हने, खाली जानारी गाडी कोनती? मी मोठा इंग्रजीवाला! टेसन मास्तरना तोंडनं डाउन ऐकेल व्हतं. सांगं, ती दख, उभी शे."

"आणि ती भुसावळच्या गाडीत बसली?"

"मीच गाठोडं चढाडं."

नवरा बाटली भरून आला तेव्हा गाडी सुटली होती. आठ दिवस तो येणारी प्रत्येक गाडी बघत याच बाकावर बसला. आबा त्याला चहा नेऊन देत होते. तो पैसे पुढे करायचा आणि आबांना ते घ्यावे लागायचे, कारण गाडी कुणी दाखवली हे त्याला माहीत नव्हतं. नवव्या दिवशी तोही दिसला नाही.

"मग ती सापडली का?"

"माले कोन सांगी, ताई?"

तेवढ्यात भुसावळच्या गाडीची घोषणा झाली. आमच्याच फलाटावर, थोडं पुढे एक बाई लगबगीनं उठली. डोक्यावर गाठोडं, हाताला मुलगी. आबा ओरडले, "कथा जानं शे, माय?"

"खाली," ती म्हणाली.

आबा उठले आणि पुन्हा बाकावर बसले. सुरतची गाडी पलीकडे लागणार होती आणि मधे पूल होता. त्यांनी पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गुडघा चढू देत नही. तुम्ही जा."

मी गेले. बाईला आधी गावाचं नाव विचारलं. बारडोली. मुलीला उचललं, पूल ओलांडला, बाईला गाडीत जागा करून दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले. परत आले तेव्हा धाप लागली होती आणि यादी पर्समध्ये चुरगळली होती. तिला मी हात लावला नाही.

"बठनी का?"

"बसली."

"गाडीनं तोंड कथा व्हतं?"

"सुरतकडे, आबा. मी स्वतः पाहिलं."

आबांनी मान हलवली. मग दुखरा गुडघा चोळत राहिले. त्या बाकावर तो भुसावळकडचा होता.