नांदेसरचा पतंग आणि घटकाभराचे सभासद

नांदेसर पतंग मंडळाचा पतंग एकोणीस वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला वर गेला, तो अजून खाली आलेला नाही.

गावात याचं नवल कुणाला राहिलं नव्हतं. एसटीतून उतरलेला एखादा पाहुणा मान वर करून विचारायचा, तेव्हा लोक "मंडळाचा आहे" एवढंच सांगत आणि आपल्या कामाला लागत. पतंग लाल कागदाचा आणि साध्या बांबूच्या कामट्यांचा होता. पावसात तो भिजत नसे आणि उन्हात विटत नसे. सुरुवातीला मंडळानं त्याला उतरवून पाहिलं होतं. अख्खा पावसाळा सगळे आळीपाळीनं दोरा गुंडाळत बसले. एक फिरकी भरली, दुसरी भरली, मग पोती भरली, पण पतंग होता तेवढाच लांब राहिला. त्या दोऱ्यानं गावातल्या बायका आजही गोधड्या शिवतात.

दोरा कुठे बांधून ठेवायचीही सोय नव्हती. पाण्याच्या टाकीला बांधला तेव्हा टाकीचा खांब तडकला. चिंचेला बांधला तर चिंच मुळांसकट वर येऊ लागली. माणसाच्या हातात मात्र तो त्या माणसाला पेलेल इतकाच ओढी, पण माणूस मंडळाचा सभासद हवा. एकदा तालुक्याहून पाहणीला आलेल्या एका साहेबांनी कुणाला न विचारता दोरा हातात घेतला, आणि पतंगानं त्यांना वाचनालयाच्या गच्चीवर नेऊन ठेवलं. त्र्यंबकअण्णा कासारांनी खालून बोट दाखवून "हे आमचे" म्हटलं, साहेबांनी वरून "हो" म्हटलं, तेव्हा ते अलगद खाली आले. सभासद करून घ्यायची रीत एवढीच होती. साहेबांची पुढे बदली झाली.

अडचण होती ती माणसांची. मंडळ सुरू झालं तेव्हा दोरा धरायला माणसं उतावीळ असत. पुढे कुणी पुण्याला मुलाकडे गेलं, कुणी वारलं, कुणाच्या बायकोनं "एक तर पतंग, नाही तर मी" असं सांगितलं. उरले तिघंच. एक अध्यक्ष त्र्यंबकअण्णा, ज्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. दुसरे गाद्या भरणारे हनीफभाई पिंजारी. आणि तिसऱ्या सचिव इंदुमती खैरनार. इंदुमतीबाईंनी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी काढली होती, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे.

तिघांनी दिवस आणि रात्र वाटून घेतली होती. एकाची पाळी संपली की दुसरा येई, दोरा घेई आणि पहिला घरी जाऊन झोपे. भेट व्हायची ती दोरा देता-घेता. "खांदा कसा आहे?" "आहे." याच्या पुढे बोलणं जात नसे. पतंग मंडळातल्या कुणी दुसरा पतंग उडवल्याला कित्येक वर्षं झाली होती.

नवे सभासद मिळावेत म्हणून सिस्टरनी काही कमी खटपट केली नाही. बाजाराच्या दिवशी रिक्षावर कर्णा लावून पुकारा केला. मैदानाच्या कोपऱ्यावर फलक लावला. फलक वाचून एकच जण आली, रेवती गांगुर्डे. ती गावच्या वीज उपकेंद्रात नव्यानं लागलेली होती. पतंगाकडे न बघता तिनं थेट सिस्टरना विचारलं, "इथे करायचं काय असतं?"

"दोरा धरायचा," सिस्टर म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा."

"किती वर्षांसाठी?"

सिस्टरनी वर पतंगाकडे पाहिलं. रेवती "बघते मी" म्हणाली आणि निघून गेली. दवाखान्यात टोचून घ्यायला आलेली माणसं असंच "बघतो" म्हणून जात आणि परत येत नसत, हे सिस्टरना ठाऊक होतं.

त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर, त्र्यंबकअण्णांचा खांदा निखळला. दोरा त्यांनी सोडला नाही. सिस्टर येईपर्यंत दातात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी वार्षिक सभा होती. ती मैदानातच भरवावी लागली, कारण दोरा हनीफभाईंच्या हातात होता.

"एक ठराव मांडतो," हनीफभाई म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "पतंग सोडून द्यावा."

अण्णा झोळीतला हात सावरत राहिले.

"सोडला तर तो कुठे जाईल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. पण आपण तिघं गेल्यावर तो सुटणारच ना, अण्णा? तेव्हा सुटला तर दोरा धरायला धावलेल्या कुणाच्या तरी पोराला घेऊन जाईल. आपण आहोत तोवर आपल्या हातानं, सांगून-सवरून सोडावा."

हे म्हणणं खोटं नव्हतं. सिस्टरच्या मनातही ते कितीदा येऊन गेलं होतं, विशेषतः पहाटेच्या पाळीला, बोटं वळत नाहीशी झाली की. पण दोरा सोडायचा म्हणजे कोण्या एकाला मूठ उघडावी लागणार होती, आणि ती आपली असेल असं त्यांना वाटेना. त्यांनी ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा असं सुचवलं. अण्णांनी अनुमोदन दिलं. हनीफभाईंनी विरोध केला नाही.

खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी अण्णांना नाशिकला न्यावं लागलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून हनीफभाई बरोबर गेले. "उद्या दुपारपर्यंत येतो, सिस्टर," ते म्हणाले. दुपार झाली, ते आले नाहीत. नाशिकला अण्णांना ताप भरला होता आणि डॉक्टर सोडत नव्हते. ती रात्र गेली. दुसरी सकाळ उजाडली तरी सिस्टर मैदानात उभ्याच होत्या. शेजारणीनं त्यांना चहा पाजला, भाकरीचे घास भरवले, पण दोरा घ्यायला ती तयार झाली नाही. "मला धुणं आहे," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

रेवती कामावर निघाली होती. सिस्टर डोळे मिटून, दोरा दोन्ही मुठींत धरून उभ्या आहेत हे तिनं रस्त्यावरून पाहिलं आणि सायकल थांबवली.

"ताई, केव्हापासून उभ्या आहात?"

"परवापासून."

"आणा इकडे."

"थांब." सिस्टरनी डोळे उघडले. "सभासद नसलीस तर उचलून नेईल तो तुला."

"मला सभासद नाही व्हायचं. जन्मभर इथे उभं राहायला मला जमणार नाही. मी खोटं कशाला बोलू?"

इतकं सरळ सिस्टरना बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. दवाखान्यात त्या लोकांना कधी जन्मभराचं औषध एकदम सांगत नसत. आधी आठवडाभर घेऊन बघा, म्हणत.

"मग घटकाभर हो," त्या म्हणाल्या. "मी दोन घास खाऊन येईपर्यंत."

"असं चालतं?"

"माहीत नाही. याआधी कुणी विचारलेलं नाही."

रेवतीनं सायकल उभी केली. सिस्टरनी बोट तिच्याकडे केलं आणि म्हटलं, "ही आमची. घटकाभर." रेवती "हो" म्हणाली. मग सिस्टरनी दोरा तिच्या हातात दिला, पण तिचं मनगट मात्र घट्ट धरून ठेवलं. पतंग उचलेलच, तर दोघींना उचलू दे, असा त्यांचा विचार होता.

पतंग हलला. थोडा डावीकडे गेला, पुन्हा जागेवर आला. रेवतीचे पाय जमिनीवरच राहिले.

ती वर बघत हळू आवाजात म्हणाली, "ताई, हा ओढत नाहीये. विचारतोय असं वाटतंय."

"काय विचारतोय?"

"ते कळत नाही."

सिस्टर घरी गेल्या, जेवल्या, घटकाभर पडल्या. परतल्या तेव्हा उपकेंद्रातले दोघं लाइनमन रेवतीला शोधत तिथे आले होते, आणि ती त्यांच्याकडे बोट दाखवून "हे आमचे, घटकाभर" असं म्हणत होती. घटकाभराच्या सभासदाला दुसरा सभासद करून घेता येतो की नाही, हा प्रश्न होता. पण दोरा त्यांच्यातल्या एकाच्या हातात होता आणि तो जमिनीवर उभा होता, म्हणून सिस्टरनी तो प्रश्न वाढवला नाही.

अण्णा परतल्यावर प्रकरण रीतसर त्यांच्यापुढे ठेवलं गेलं. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"घटकाभराचा सभासद म्हणजे काय? हे मंडळ आहे की पाणपोई?"

"घटनेत सभासदत्वाला मुदत घातलेली नाही, अण्णा," सिस्टर म्हणाल्या. "कमीत कमीही नाही."

अण्णांनी विचार केला. घटना त्यांनीच केली होती. "नाही घातलेली," त्यांनी कबूल केलं. "पतंगाची हरकत नसेल तर माझी नाही."

पतंगाची हरकत दिसली नाही. मग लोक येऊ लागले. दळण टाकून गिरणीपाशी थांबणाऱ्या बायका घटकाभर येत. एसटीला वेळ असला की प्रवासी येत. शिंपीआळीतले नामदेव शिंपी रोज दुपारी डोळ्यांना विश्रांती म्हणून येऊ लागले. घटकाभरच धरायचा असल्यानं कुणाला तो जड वाटेना, आणि पुढच्याच्या हातात दिल्यावर प्रत्येकाला काही ना काही सांगायचं असे. शिंपी म्हणाले, विहिरीत बादली भरते तेव्हा दोराला जो जडपणा येतो, तसं वाटतं. शाळेच्या मुख्याध्यापिका जगतापबाई म्हणाल्या, कुणीतरी बोट धरून चाललंय आणि त्याला रस्ता आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. यावर दोघांचा वाद झाला, तो ऐकायला आणखी चौघं थांबली. हनीफभाईंनी इतकी वर्षं आपल्याला काय वाटतं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी सांगितलं, "मला तर कापूस पिंजतोय असं वाटतं. आपल्याच उरातला." मग ते उठून चहा सांगायला गेले.

चहा होऊ लागला म्हणून बाकं आली. बाकं आली म्हणून माणसं बसू लागली. रविवारी हनीफभाई कामट्या तासून साधे पतंग करायला शिकवू लागले, आणि ते पतंग रीतसर उडत, कटत आणि खाली येत. कुणी कुणी आपणहून रात्रीची पाळी मागू लागलं. हनीफभाईंनी आपला तहकूब ठराव मागे घेतला. अण्णा खुर्ची टाकून बसत आणि गर्दीबद्दल कुरकुर करत, पण खुर्ची आणायला एकही दिवस चुकत नसत. सिस्टरना आठवड्यातून एकच पाळी येऊ लागली. पहिल्यांदा त्यांना रिकाम्या हातांचं काय करावं ते सुचेना. मग त्या घरी जाऊन शांत झोपू लागल्या.

होळीनंतरच्या एका रविवारी, दुपारी, मैदान माणसांनी भरलेलं असताना, पाळी रेवतीची होती. ती एकदम म्हणाली, "ताई, ओढ गेली."

दोरा सैल पडला होता. पतंग खाली येत होता. त्यानं गिरकी घेतली नाही की गोता खाल्ला नाही. एखादी चादर दोघांनी चार टोकांना धरून अंथरावी, तसा सरळ येऊन तो मैदानाच्या मध्यावर टेकला. माणसं मागे सरली. जवळून तो तसा मोठा नव्हता, दोन्ही हात पसरले तर कवेत यावा एवढाच.

हनीफभाई वाकले आणि तसेच थांबले.

"सिस्टर," ते म्हणाले, "याला वरच्या अंगालाही दोरा आहे."

होता. कामट्या जिथे एकमेकींवरून जातात, तिथे पाठीवर दुसरा दोरा बांधलेला होता. पांढरा, मंडळाच्या दोऱ्यापेक्षा बारीक. तो सरळ वर गेला होता आणि वर कुठेतरी दिसेनासा झाला होता. त्याला ताण नव्हता. त्याची वेटोळी अजूनही हळूहळू खाली येऊन मातीवर पडत होती.

"ओढून बघा," अण्णा म्हणाले.

"नको," हनीफभाई म्हणाले. "आपण ओढायचा आणि तिकडे धरणारा सभासद नसायचा. इकडे येऊन आदळेल बिचारा."

हे सगळ्यांना पटलं. सिस्टर पुढे झाल्या, खाली बसल्या आणि तो पांढरा दोरा त्यांनी दोन बोटांत धरला, नाडी पाहावी तसा. त्या काही ओढत नव्हत्या.

"माणसं कमी पडली असतील त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या.

"मग किती वेळ थांबायचं?" रेवतीनं विचारलं.

"कुणीतरी येईपर्यंत."

कुणी घरी गेलं नाही. चहा निवला. उन्हं कलली तेव्हा सिस्टरच्या बोटांत दोरा किंचित हलला. मग थांबला. पुन्हा हलला, या वेळी जरा वेडावाकडा, आणि वेटोळी एकेक करून मातीवरून उठू लागली.

"हात कच्चा आहे," हनीफभाई म्हणाले. "नवीन आलंय कुणीतरी."

"शिकेल," अण्णा म्हणाले.

पांढरा दोरा ताठ झाला. सिस्टरनी बोटं सोडली. वारा अजिबात नव्हता, पण पतंग जमिनीपासून उचलला गेला, डोक्यांवरून गेला, छपरांवरून गेला, आणि होता तिथे जाऊन उभा राहिला. रेवतीच्या हातातला दोरा ताणला. तिनं मान हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "पुढची पाळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

नामदेव शिंप्यांची होती. त्यांनी तळवे धोतराला पुसले आणि दोरा घेतला.