नाना मिस्तरींचे पायमोजे

परीक्षेच्या दिवशी नाना मिस्तरी पायमोजे हातात घालत. डोळ्यांवर जुन्या धोतराची पट्टी, नाकात निलगिरीचे बोळे आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत ओढलेले लोकरीचे पायमोजे. अशा थाटात हा माणूस पोरांच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा निकाल लावायला बसे. मी शाळेत नवा होतो तेव्हा मला वाटलं, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि त्यात हातही भाजलेत. मी कळवळून विचारलं, "नाना, फार दुखतंय का?"

"दुखत नही, भाऊ," पट्टीआडून उत्तर आलं. "माले कोनले वळखनं नही."

आता हे नाना कोण आणि मी कोण ते सांगतो. धुळ्याला एक औद्योगिक शाळा होती. महायुद्ध सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. सोळा वर्षं पुरी झालेल्या पोरांना तिथं सुतारकाम शिकवत. नाना सुतारशाळेचे मुख्य, आणि मी ड्रॉइंगमास्तर. मी मूळचा जळगावचा, त्यामुळे धुळ्याच्या माणसांना नावं ठेवायचा हक्क मला वडिलार्जित आहे. पण नानांच्या बाबतीत तो हक्क बजावायची गरजच पडत नसे. सगळं धुळं ते काम माझ्या आधीच करून मोकळं झालं होतं.

शाळेची रीत अशी होती. सकाळी पोरं माझ्या खोलीत नकाशे काढायला, हिशेब करायला आणि लाकडांच्या जाती शिकायला बसत. नंतर दिवसभर नानांच्या शेडमध्ये रंधा आणि पटाशी. दोन वर्षं झाली की एक लेखी पेपर, एक ड्रॉइंगचा, आणि मग कसोटीचं काम. नकाशा समोर ठेवायचा आणि त्याबरहुकूम वस्तू करून दाखवायची. वस्तूवर नाव नाही, नुसता नंबर. मार्क दोघांनी द्यायचे, एक नाना आणि दुसरे पुण्याहून येणारे परीक्षक साहेब. दोघांची बेरीज पुरेशी भरली तर सर्टिफिकेट.

लेखी पेपरावर नानांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मी प्रश्न घातला होता, "करवतीची निगा कशी राखाल?" एका पोराने तेल, कानस, ओलावा असलं काही न लिहिता एकच ओळ लिहिली, "सख्ख्या भावाला पण देणार नाही." मी भोपळा दिला. नानांनी पेपर बघितला आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन पैकीच्या पैकी केले. "हाऊ मिस्तरी व्हई," म्हणाले. तो पोरगा पुढे खरंच चांगला मिस्तरी झाला, आणि करवत त्याने मलाही कधी दिली नाही.

तर पायमोज्यांचं कारण. वस्तूवर नाव नसलं तरी नानांना ती कुणाची ते कळायचंच. नुसती नजर टाकली की किसनची घाई दिसायची, रामदासचा भित्रेपणा दिसायचा. आणि एकदा पोरगं ओळखू आलं की नानांचा जीव पाघळायचा. याची आई आजारी, तो रोज चार कोस चालत येतो, हे सगळं मार्कांत शिरायचं. मग स्वतःचाच राग येऊन त्यांनी डोळे बांधले. पण बोटांना डोळे फुटले. कोपऱ्यावरून बोट फिरवलं की, "हाऊ ते किसन!" म्हणून पायमोजे आले. मग एका वर्षी तंबाखू खाणाऱ्या पोराची वस्तू वासावरून ओळखू आली, आणि निलगिरी आली. मापं बघायला मी शेजारी बसायचो. मी गुण्या लावून कोन सांगायचो, फूटपट्टी लावून लांबी सांगायचो, आणि नाना मोजे घातलेल्या हातांनी ठोकून, हलवून, ओढून बघायचे.

हे वेड परीक्षेपुरतं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण परीक्षेचं वर्ष सुरू झालं की नानांना सगळीकडे वशिला दिसायला लागे. एका लग्नात त्यांना पाट मांडला. पाटाकडे बघताच ते दोन पावलं मागे सरले आणि ओरडले, "हाऊ पाट कोना शे ते माले सांगू नका!" पाट त्यांच्याच वर्गातल्या एका पोराने केला होता. सगळी पंगत बसली, नाना मात्र खांबाला टेकून उभ्याने जेवले. वरपक्षाची बाई विचारत होती, यांना मूळव्याध आहे का.

दुसऱ्या एका पोराच्या बापाने टोपलीभर वांगी आणून दिली. परीक्षा ऐन हिवाळ्यात, म्हणजे भरिताच्या मोसमात. नानांनी टोपली तर परत पाठवलीच, पण गावात कुणाची वांगी कुणाकडून कुणाच्या ताटात येतील याचा नेम नाही म्हणून निकाल लागेपर्यंत भरीतच सोडलं. खानदेशी माणसाने हिवाळ्यात भरीत सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला समजायचं नाही. मी त्यांच्यासमोर बसून भरीत खायचो आणि ते भिंतीकडे बघत वरण-भात खायचे.

एवढ्यात नानांचा स्वतःचा मुलगा सुपडू सोळा वर्षांचा झाला आणि आमच्याच शाळेत आला.

सुपडूची आई तो लहान असतानाच गेली होती. बापाने एकट्याने त्याला वाढवला, न्हाऊ-माखू घातलं, भाकऱ्या करून घातल्या. पण पोरगं दाखल झालं त्याच दिवशी नानांनी त्याची पेटी-वळकटी उचलून आपल्या बहिणीकडे, पांझरेच्या काठच्या घरी नेऊन ठेवली. परीक्षकाच्या घरात परीक्षा देणारा राहता कामा नये. शाळेतही नाना त्याच्या मेजाकडे फिरकत नसत. त्याला शिकवायचं काम धाकट्या मिस्तरींकडे दिलं होतं. शेडमध्ये समोरासमोर आले की नाना छताकडे बघत आणि सुपडू जमिनीकडे. आम्ही शिक्षक यावर पोट धरधरून हसायचो. पण नानांच्या घरी संध्याकाळी गेलो की एकटा माणूस चुलीसमोर बसलेला दिसायचा आणि हसू जरा आवरतं घ्यावं लागायचं.

सुपडूच्याच वर्गात युसूफ होता, एका पिंजाऱ्याचा मुलगा. वर्गातला सगळ्यांत हुशार हात त्याचा. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात त्याला जागा देऊ केली होती, मात्र सर्टिफिकेट दाखवलं तरच. शिवाय त्याने पसंत केलेल्या मुलीच्या बापाने सांगून ठेवलं होतं की जावई रेल्वेत लागला तर निकाह, नाहीतर सलाम. म्हणजे त्या पोराची नोकरी आणि बायको दोन्ही एका लाकडी पेटीवर अडकली होती.

त्या वर्षी कसोटीला एक खण असलेली छोटी सागवानी पेटी होती. खण ओढला की सरळ बाहेर यावा आणि ढकलला की न अडखळता आत जावा, यातच सगळी परीक्षा. काम चालू असताना नानांनी स्वतःला शेडची बंदी घातली होती. ते माझ्या खोलीत शेडकडे पाठ करून बसत, आणि त्यांनी वळून बघू नये म्हणून मलाही तिथंच बसवून ठेवत. शेडवर धाकटे मिस्तरी लक्ष ठेवत.

मग मार्कांचा दिवस आला. परीक्षक साहेबांनी सकाळी आपले मार्क देऊन टाकले होते. गोरेगोमटे, शांत गृहस्थ. नानांचा अवतार बघून त्यांनी फक्त चष्मा पुसला.

एकेक पेटी नानांच्या पुढ्यात येऊ लागली. आठ नंबरच्या पेटीशी ते थांबले. खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. खण आत जाताना एका अंगाला किंचित ओढ घेत होता. सगळी मापं बरोबर होती, पण नानांचा चेहरा एकदम कडक झाला. त्यांनी इतके कमी मार्क सांगितले की मी दोनदा विचारून खात्री केली. पुढे अकरा नंबर आला. तो खण असा गेला की आतली हवा हळूच फुस्स करून बाहेर पडली. नाना खुशीत आले, सगळ्यांत जास्त मार्क दिले आणि मोजे घातलेल्या हाताने पेटीवर थाप मारली.

बेरीज झाली, सह्या झाल्या. मग नियमाप्रमाणे पोरांसमोर नंबरांची नावं वाचली गेली. आठ नंबर युसूफ, नापास. अकरा नंबर सुपडू, पहिला.

युसूफ मटकन खालीच बसला. नानांनी पट्टी ओढून काढली आणि त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंध्यांचं हे एवढं बोचकं बांधलेलं होतं.

"हाई काय शे?" नानांनी विचारलं.

"अंगूठा पक गया था, नाना. सब काम बाएँ हाथ से किया."

अख्ख्या शेडला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना, कारण आम्ही निःपक्षपातीपणा पाळत माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

साहेब कागद गुंडाळत होते. ते संध्याकाळच्या गाडीने जाणार, आणि त्यांच्याबरोबर निकाल. नाना त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. साहेबांशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. त्या दिवशी ती कुठल्या कुठे गेली.

"साहेब, मी आठ नंबरना पेटीले मार्क दिधाच नहीत. मना पोऱ्याले दिधात."

साहेबांना कळेना. "पण तुमचा मुलगा तर अकरा नंबर."

"तो डावखोरा शे. आठ नंबरना खन डावा हातना लागना. माले वाटनं, हाऊ सुपडू. मंग मी मार्क कापी टाकात. लोके म्हनतीन, बापनी पास करा."

साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले. मग समजुतीने म्हणाले, "मिस्तरी, मुलगा समजून तुम्ही कमी दिलेत. याला वशिला नाही म्हणत."

"वळख ती वळखच, साहेब. कमी दिधात काय, जास्ती दिधात काय."

साहेबांनी पुन्हा खुर्ची ओढली. ते म्हणाले की परीक्षकाने नंबर ओळखून मार्क दिल्याचं कबूल केलं तर त्याचे सगळेच मार्क रद्द होतात, आणि पुढे कधी त्याला परीक्षक नेमता येत नाही. हे तुम्हाला चालेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ज्या कामासाठी या माणसाने लोकांचं हसू सोसलं, पंगतीत उभ्याने जेवण उरकलं, पोटचा पोर घराबाहेर ठेवला, ते काम आता त्याला सोडावं लागणार होतं. नानांनी मोजे घातलेल्याच हाताने टाक धरला आणि सही केली. सही काय आली ते देवाला ठाऊक, पण साहेबांनी ती मान्य केली.

मग साहेबांनी एकट्याचे मार्क धरून निकाल लावला. युसूफ पास झाला आणि त्याला पोरांनी खांद्यावर घेतलं. त्याच्या अंगठ्याला धक्का लागल्यावर तो इतक्या जोरात ओरडला की ते भुसावळलाही ऐकू गेलं असावं. सुपडू दुसरा आला. पहिला नंबर तिसऱ्याच एका पोराने पटकावला, आणि त्याचा धक्का त्यालाच सगळ्यांत जास्त बसला. पुढच्या वर्षापासून परीक्षेला दुसरा मिस्तरी यायला लागला, आणि सांगायला आनंद वाटतो की तो जळगावचा होता.

शाळा सुटल्यावर नाना मला म्हणाले, "चाल भाऊ, आक्काकडे जाऊत." बहिणीच्या दारात गेल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "आक्का, जेवन शे का?"

आक्काने आम्हा तिघांना एका ओळीत वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. बापलेक शेजारी बसले होते आणि दोघंही ताटाकडे बघत होते. पोर दोन वर्षांत काय शिकलं ते बापाने पाहिलंच नव्हतं. बापाच्या लेखी सुपडू अजून घर सोडताना होता तसाच, डाव्या हाताने एका अंगाला ओढणारा खण करणारा होता. शेवटी सुपडूनेच तोंड उघडलं.

"नाना, मना खन कसा व्हता?"

नाना घास हातात धरून बसले. मला वाटलं आता काहीतरी लांबलचक सांगतील, सागवानावर, रंध्यावर, नाहीतर देवावर.

"माले वाटनं," ते म्हणाले, "तो युसूफना शे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आक्काला म्हटलं की ठेचा फार तिखट झालाय. सुपडूने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडली आणि बापाच्या ताटात वाढली, आणि नानांनी ती नको न म्हणता खाल्ली.