न दिसणारं कुंपण

मेकॅनिक म्हणाला, गुरुवारी येतो, आणि वहिनींनी फोन ठेवता ठेवता ठरवून टाकलं की तार आपणच जोडायची. (गल्लीत त्यांना लहानथोर सगळे वहिनीच म्हणतात. एकदा चुकून मिस्टरही म्हणाले होते.)

तार म्हणजे कुत्र्याच्या कुंपणाची. हे कुंपण दिसत नाही. अंगणाच्या कडेकडेने जमिनीत तार पुरलेली, तिची दोन्ही टोकं कोठीच्या भिंतीवरल्या डब्यात. कुत्रा तारेजवळ गेला की गळ्यातला पट्टा आधी पिकपिक करतो, आणि तरी नाही ऐकलं तर बारीकसा झटका देतो. आज सकाळी डब्यावरचा दिवा गेला आणि डबा बोंबलायला लागला. म्हणजे तार कुठेतरी तुटली.

गुरुवारपर्यंत थांबायची सोय नव्हती. शेजारच्या रिटायर हेडबाईंच्या फुलांच्या वाफ्यात कुत्रा दोनदा लोळून आला होता. तिसऱ्यांदा गेला तर त्याला कायमचा साखळीने बांधू, असं मिस्टर बाईंना कबूल करून बसले होते. साखळीतला कुत्रा वहिनींना बघवला नसता.

युक्ती मेकॅनिकनेच सांगितली होती. छोटा रेडिओ घ्या, काटा कुठल्याच स्टेशनवर नको, आणि तारेवरून चालत जा. घरघर ऐकू येते तोवर तार धड. घरघर थांबली की तिथे खणा.

वहिनींनी कुत्र्याला सासूबाईंजवळ पायरीवर बसवलं आणि त्याचा पट्टा स्वतःच्या मनगटावर आवळला. जोडणी झाली की लगेच कळेल, आणि हातही मोकळे. (कल्पना सुचली तेव्हा फार हुशारीची वाटली होती.)

फाटकापाशी घरघर नाही. खणलं, तार धड. नळापाशीही नाही. खणलं, तार धड. तिसऱ्या ठिकाणीसुद्धा तार धडच होती, कुदळ लागेपर्यंत.

"आई, आवाजच येत नाहीये हो कुठे."

"येईल कसा? मी बंद केला ना."

"काय बंद केला?"

"तुझा डबा. कधीचा कोकलत होता. म्हटलं सूनबाई उन्हात राबतेय, डोक्याला ताप नको."

यावर वहिनी फार काही बोलल्या नाहीत, पण जेवढं बोलल्या तेवढं सासूबाईंनी मनाला लावून घेतलं. डबा चालू करून दिला आणि यापुढे तुझ्या कुठल्या बटणाला बोट लावणार नाही, असं जाहीर करून त्या परत पायरीवर बसल्या.

रेडिओ लगेच घरघरला. वहिनींनी आधी स्वतःचा पराक्रम निस्तरला. टोकं सोलून पिळली, वर पाणी न शिरणारी टोपी बसवली. मग खरी जागाही सापडली. मागच्या हद्दीवरल्या झुडपाखाली घुशीने तार कुरतडली होती. पण या बाजूने नुसते काटे. हात पोचायचा तर हेडबाईंच्या वाफ्यातूनच. वहिनी रस्त्याने वळसा घालून गेल्या, वाफ्यात फतकल मारली, आड येणारी चार रोपं जरा बाजूला केली (मुळासकट) आणि तार जोडली. कोठीतला डबा गप्प झाला. (तार जुळली तरी पट्टा जागा व्हायला मिनिटभर लागतो.)

विजयी मुद्रेने त्या फाटकाशी आल्या. मनगट पिकपिकलं. त्या कौतुकाने आणखी एक पाऊल पुढे आल्या आणि दोन पावलं मागे उडाल्या. पट्ट्याचं बक्कल चिखलाने गच्च बसलेलं. निघेना.

"आई, डबा बंद करा."

"मी नाही बाई. मघाशी केला तर केवढं बोललीस."

कुत्रा पायरीवरून उठून आला. गळ्यात काही नसताना तारेच्या अलीकडे बरोबर थांबला, खाली बसला आणि रस्त्यावर उभ्या वहिनींकडे बघत राहिला.

तेवढ्यात मिस्टर ऑफिसातून आले, आणि त्यांच्या मागोमाग, हातात उपटलेलं रोप घेऊन, हेडबाई. बाईंनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग वहिनींच्या मनगटाकडे.

"कुत्रा शहाणा आहे तुमचा, राहू दे मोकळा," त्या मिस्टरांना म्हणाल्या. "तो पट्टा मात्र काढू नका. आत्ता कुठे योग्य जागी बसलाय."

मिस्टर म्हणाले, "बरं, बाई."