बहुमताने कवड्या

आमच्या सोसायटीत प्रत्येक निर्णय बहुमताने होतो. जिन्याला पिस्ता रंग द्यायचा की बदामी, हेसुद्धा आम्ही मतदानानेच ठरवायला घेतलं आणि गेली तीन वर्षं जिना बिनरंगाचा आहे. लोकशाहीत घाई करून चालत नाही. मी तिथला सेक्रेटरी.

गेल्या रविवारी सकाळी माझे शेजारी, तळमजल्यावरचे भाडेकरू दीपक, अंघोळीला गेले. कडी लावून आत सरकले, मागे वळतात तो दाराशी साप. दीपक कमोडवर चढले आणि तिथून त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'कोणता आहे?'

अशा शंकांसाठी आमच्याकडे ज्योत्स्ना मॅडम आहेत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. पाल अंगावर पडली तर काय करावं, धामण गाईचं दूध पिते का, असे प्रश्न त्यांना रोज येतात. 'साप दूध पीत नाही' असं त्यांनी एकदा सांगितलं, तेव्हा खजिनदारांनी 'माझ्या आजोबांनी पाहिलंय' म्हणून तो विषय कायमचा मिटवला होता.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'मण्यार. अत्यंत विषारी. हलू नका, सर्पमित्राला बोलवा.'

हे जरा टोकाचं झालं. दुपारी नांदगावचं एक गिऱ्हाईक वरचा फ्लॅट बघायला येणार होतं. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, फोटोत दुसरं काही निघत नाही का?"

"कवड्या थोडा असा दिसतो. तो बिनविषारी. पण त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात नि शेपटीकडे पुसट होतात. याचे उलट आहेत."

"म्हणजे कवड्याला वाव आहे."

"अहो, वाव कसला? साप आहे तो, ठराव नाही."

मी मतदान टाकलं. पर्याय तीन: मण्यार, कवड्या, गांडूळ. तिसरा, ज्यांना वाद नको असतो त्यांच्यासाठी. कवड्या प्रचंड बहुमताने निवडून आला. मण्यारीला फक्त मॅडमचं मत पडलं. दीपकनीही तिलाच दिलं होतं, पण भाडेकरूंना मताधिकार नसल्याने ते बाद झालं.

दरम्यान दीपकच्या बायकोने, योगिनीने, परस्पर सर्पमित्र बोलावला होता. मयूर नावाचा तो तरुण द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीतून वाट काढत आला. फाटकावर आमच्या वॉचमनने, सोमाने, त्याला अडवलं आणि मला बोलावून घेतलं.

"साहेब, हा म्हणतो विषारी साप धरायचाय. सोडू का?"

"असा साप आपल्याकडे नाही. ठराव झालाय."

मयूर समजूतदार निघाला. "बरं काका, मग कवड्या धरायला तरी सोडा."

"बिनविषारी सापाला धरायचं कशाला? मुका जीव आहे तो."

तेवढ्यात योगिनी धावत आली. "काका, पाय थरथरायला लागलेत त्यांचे. तोल गेला तर काय करू मी?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "अगं पोरी, निकाल सांग त्यांना," म्हटलं. "धीर येईल."

मयूर कंटाळून निघून गेला. थोड्या वेळाने दीपकचा निरोप आला: 'साप पाइपाच्या भोकातून पलीकडे गेला.' ग्रुपवर माझ्या संयमी नेतृत्वाचं कौतुक झालं. मी समाधानाने अंघोळीला गेलो. कडी लावल्यावर लक्षात आलं, की पलीकडे म्हणजे आमचीच बाथरूम.

सध्या मी कमोडवर उभा आहे. साप दाराशी आहे. मॅडमनी मयूरला परत बोलावलंय आणि तो फाटकावर पोचलाही आहे, पण सोमा प्रामाणिक माणूस, ठराव रद्द झाल्याशिवाय कुणाला सोडत नाही. मी फेरमतदान टाकलंय. कवड्या पुन्हा आघाडीवर आहे. लोकांना एकदा दिलेलं मत बदलायला आवडत नाही.

वाचकहो, आता माझेही पाय थरथरायला लागलेत आणि मला खरंच भीती वाटते आहे. तुम्ही हा साप पाहिलेला नाही. पट्टे कुठून सुरू होतात हेही विचारलेलं नाही. तरी 'बरी जिरली याची' हे मत तुमचं केव्हाच ठरून गेलंय. तुम्हाला आमच्या ग्रुपमध्ये घ्यायला काहीच हरकत नाही.