बेबीनंदाच्या सुरक्षिततेसाठी

बेबीनंदा खरातला बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची मिळाली, याचा वाटूरच्या अलीकडच्या आमच्या गावाला मनापासून आनंद झाला. गैरसोय एवढीच झाली की ती खुर्चीत बसून बाहेर निघाली.

स्टँडजवळ तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. भाऊ राजानंद मोटारसायकलवर बसवून नेईल तेव्हा ते उघडायचं आणि त्याला शेतातून सवड मिळेल तेव्हा बंद व्हायचं. कंटाळून गिऱ्हाइकं तुटू लागली होती, अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर दुकानच गेलं असतं. खुर्ची आली तशी तिने चावी स्वतःच्या पिशवीत टाकली आणि रस्त्याच्या कडेने, हॉर्न वाजवत, सावकाश निघाली. वाटेत एक टेम्पो तिला चाटून गेला. टेम्पोवाल्याला कोणी बोललं नाही, कारण तो गावातलाच होता.

सरपंच सर्जेरावांनी तातडीने सुरक्षा समिती नेमली. बेबीनंदाचं म्हणणं साधं होतं: कडेची वाळू उचला आणि शाळेपुढचा खड्डा बुजवा. वाळू उपसरपंच कल्याण यांच्या बंगल्याची असल्यामुळे ही मागणी अव्यवहार्य ठरली. त्याऐवजी तिच्या घरासमोर गतिरोधक घालावा, असं एकमताने ठरलं.

गतिरोधक झाला आणि गावाची झोप उडाली. खरातांच्या दारापुढे गतिरोधक आणि आपल्या दारापुढे सपाट रस्ता? ज्याने त्याने आपापल्या दारापुढे सिमेंट ओतलं. घराचं वजन गतिरोधकाच्या उंचीवरून कळू लागलं; सरपंचांच्या दारापुढे तर ट्रॅक्टरही दम खायचा. वाहनं मग गतिरोधक टाळून कडेच्या मातीतून, म्हणजे नेमकी बेबीनंदाच्या वाटेने धावू लागली. ते थांबवायला समितीने कडेला दगड रोवले.

आता खुर्ची पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून अडकली. समितीने चार तरुणांचं उचल पथक स्थापन केलं. पथक लग्नसराईत वरातीत असे, निवडणुकीत प्रचारात. पूर्वी तिला एकट्या राजानंदची वाट पाहावी लागे, आता चौघांची. शेवटी तिने सरपंचांना घरी बोलावून घेतलं.

"सरपंच, मला उचलू नका. रस्ता मोकळा करा, मी माझी मी जाते बराबर."

"ताई, तुझ्याच जिवासाठी करून राह्यलो हे सगळं," सर्जेराव कळवळून म्हणाले. "घरात बसली तर बिलकुल धोका न्हाई."

ती घरात बसली. वर्षभर खुर्चीला एकही अपघात झाला नाही आणि दिव्यांगांसाठी सर्वांत सुरक्षित गाव म्हणून आम्हाला बक्षीस जाहीर झालं. ते द्यायला येणाऱ्या साहेबांची गाडी मात्र बसकी होती. हे कळताच जेसीबी आला. गतिरोधक गेले, दगड गेले, वाळूही गेली आणि खड्डा बुजला. वर्षभर अव्यवहार्य असलेलं काम दिवस मावळायच्या आत उरकलं.

दुसऱ्या दिवशी भाषणं ऐन रंगात असताना साहेबांनी लाभार्थीला भेटायची इच्छा व्यक्त केली. शोधाशोध झाली. बेबीनंदा दुकानात मीना वहिनींच्या बाहीचं माप घेत होती. चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता येत नव्हता. पथक खुर्चीला हात घालणार, तेवढ्यात तिने टेप गळ्यात टाकला.

"साहेबांना इकडं आणा. रस्ता चांगला झालाय. मी गिऱ्हाईक सोडून येणार न्हाई."

साहेब आले नाहीत; त्यांना उशीर झाला होता. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेरावांच्या दारापुढे सिमेंट कालवायला घेतलं. दुपारपर्यंत गल्ली पुन्हा सुरक्षित झाली.

हे वाचून तुम्हाला आमच्या गावाचा राग आला असेल. साहजिक आहे. तुमच्या गल्लीत असली भानगड नाही. तिथे रस्त्यावर अशी खुर्ची तुम्ही कधी पाहिलीच नसेल. तिकडे तशी माणसं राहतच नसावीत.