बाथरूम बघून घेतलेली खोली

मुक्कामाची खोली कशी निवडायची, हे मला कुणी शिकवू नये! मी बावीस वर्षं प्लंबर आहे. लोकांच्या घरी मी दिवाणखान्यात बसत नाही, थेट मोरीत जातो. त्यामुळे बाहेर सोफ्यावर रेलून मोठमोठ्या गप्पा ठोकणारा माणूस आत काय लायकीचा आहे, ते मला पाच मिनिटांत कळतं. हॉटेलांचंही तेच. पलंगावर चादर कुणीही ताणून घालतो. फुलदाणीत चार फुलं कुणीही खोचतो. पण बाथरूमच्या फरशीचा उतार नेमका पाणी जायच्या जाळीकडे आहे का, ते बघा! तिथे थापा चालत नाहीत.

निदान मी तरी असंच समजत होतो.

आमच्या गावाहून बोटीने दीड तासावर एक बेट आहे. टेकडी, दीपस्तंभ, पांढरी वाळू, सगळं आहे. जगाने तिथे जाऊन फोटो काढून घेतलेत. आमचे साडू तर तीनदा जाऊन आले आणि तिन्ही वेळा तीच टोपी घालून त्याच दगडावर बसले. आम्ही काही कधी गेलो नव्हतो. या वर्षी जायचं ठरलं ते बायकोमुळे.

माझी बायको शाळेचे गणवेश शिवते. तिचं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. हात बाहेर काढला तर भिंतीला लागतो, एवढी जवळ. एकोणीस वर्षं ती त्या भिंतीकडे बघत बाह्या जोडतेय. तिने एकच अट घातली.

"मला फिरायचं नाही, खरेदी करायची नाही. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे. चार दिवस. बस्स!"

"एवढंच ना?" मी म्हणालो.

"एवढंच म्हणू नका. तुमचं घोडं नेहमी एवढ्याशातच अडतं."

हे लागलं मला. म्हटलं, खोली मीच शोधणार. तिलाही वेळ नव्हता, शाळा उघडायच्या आत दोनशे हाफ पँटी द्यायच्या होत्या. मोबाइल मुलीच्या हातात, मी तिच्या शेजारी. ती फोटो सरकवत होती आणि मी नापास करत होतो.

"बाबा, ही बघा, केवढी मोठी बाल्कनी!"

"बाथरूम दाखव."

"बाथरूमही आहे की. गुलाबी."

"रंग चाटायचाय का? बेसिनखालचा पाइप बघ. चिकटपट्टी गुंडाळलीय! पुढे."

अशा एकतीस जागा मी मोडीत काढल्या. मध्येच साडूंचा फोन आला. ते म्हणाले, "अहो, त्या मोठ्या हॉटेलात जा, आम्ही जातो तिथे. सकाळी दारात वर्तमानपत्र टाकतात." मी म्हटलं, "वर्तमानपत्र घरीही येतं." फोन ठेवला.

आणि बत्तिसावी जागा आली. एक साधं अतिथीगृह. पण बाथरूम! काय सांगू! एकही पाइप बाहेर नाही. नळ भिंतीतून असे निघालेले, जणू भिंतीलाच फुटलेत. उतार असा, की त्या एवढ्याशा फोटोतही पाणी कुठे जाईल ते दिसत होतं.

"हे काम ज्याने केलंय ना," मी मुलीला म्हणालो, "त्या माणसाचे पाय धरायला हवेत. असे कारागीर आता राहिले नाहीत."

"बाबा, पलंगाचा फोटो बघा ना."

"पलंग काय बघायचा? चार पाय असतात."

"आणि खिडकी? पडदा ओढलाय हो."

"पडदा आहे म्हणजे मागे बघण्यासारखं काहीतरी असणारच. उगाच कोण कापड घालवेल? आणि हे वाच, समुद्रापासून दोन मिनिटं! दाब बटण."

तिने दाबलं. आतून मशीन थांबवून बायकोने विचारलं, "समुद्र दिसतो ना खोलीतून?"

"दिसतो!" मी ओरडून सांगितलं. खोटं बोललो नाही. चौकशी केली नव्हती, इतकंच.

मुलीला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच निघालो. दुपारी बाराला बेटावर उतरलो. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर अशी माया की माझ्यातला शहाणा माणूस तिथेच सावध व्हायला हवा होता. त्यांनी आम्हाला पहिल्या मजल्यावर नेलं, दार उघडलं आणि कुणीतरी मागे लागल्यासारख्या निघून गेल्या.

मी सवयीने आधी बाथरूममध्ये शिरलो. ते वेगळंच होतं! फोटोतल्याचा आणि त्याचा संबंध इतकाच, की दोन्हीकडे भिंती होत्या. नळ दोऱ्याने बांधला होता. उतार जाळीकडे नव्हता, दाराकडे होता. म्हणजे आंघोळ केली की पाणी थेट पलंगाखाली! बादलीला भोक होतं आणि भोकाला साबण लावून ते बुजवलं होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर पडदा सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आलो. बायको खिडकीशी उभी होती. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. बायकोने हात बाहेर काढला. भिंतीला लागला.

ती भांडली असती तर मला चाललं असतं. आम्हाला सवय आहे. पण ती पलंगावर बसली, बॅगेची चेन उघडली, परत लावली आणि म्हणाली, "आपल्या भिंतीला गिलावा तरी बरा आहे."

बस्स. 

मी तीन तीन पायऱ्या उतरत खाली गेलो.

"मालकीणबाई! दुसरी खोली द्या! समुद्र दिसणारी!"

"सगळ्या भरल्यात हो. आणि दोन मिनिटं चाललं की समुद्रच आहे."

"चालत नाही बघायचा तिला, पडून बघायचाय! आणि ते बाथरूम? फोटोत एक आणि वर एक?"

"फोटो होय!" त्या जराही शरमल्या नाहीत. "तो आमच्या भाच्याने कुठूनतरी उतरवून घेतला. सगळेच घेतात. फोटोत काय कुणी आंघोळ करतंय?"

हे उत्तर ऐका! माणूस चोरी करतो आणि वर ती वस्तू वापरायची नव्हतीच म्हणून सांगतो! मी आणखी चार शब्द सुनावणार होतो, पण माझं लक्ष त्यांच्या पाठीमागे गेलं. तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. मोबाइलवर तो तळहाताएवढा, इथे टेबलाएवढा.

साबणाची जाळी नळापासून दोन बोटं डावीकडे होती.

आता ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी दातांच्या एका डॉक्टरच्या घरी काम करताना माझ्याकडून एक भोक चुकीच्या जागी पडलं होतं आणि ते झाकायला मी जाळी दोन बोटं सरकवली होती. मी पुढे वाकलो. फोटोतल्या आरशात एक टॉवेल लटकत होता. टॉवेल नव्हता तो! माझी पाठ होती! ओणवा होऊन हत्यारं गोळा करणारा मी, अंगात फाटकी गंजी आणि गंजीला चौकड्यांच्या गणवेशाच्या कापडाचं ठिगळ. असं ठिगळ लावणारी बाई एकच आहे आणि ती वरच्या मजल्यावर भिंत बघत बसली होती.

तो डॉक्टर तेव्हा मला म्हणाला होता, "काम काही जमलं नाही बघा तुम्हाला!" आणि माझी पाठ वळताच त्याने फोटो काढून जगाला दाखवला! माझं डोकंच फिरलं.

"हे बाथरूम माझं आहे!" मी गरजलो. "मी केलंय हे! या हातांनी! पाइपन् पाइप माझा आहे!"

माझा आवाज पाइपात घुमायची सवय असलेला. सगळ्या इमारतीने ऐकला. पटापट दारं उघडली.

जिन्यावरून पहिले उतरले ते एक निवृत्त मास्तर. कमरेला पंचा, अंगभर साबण, एक डोळा मिटलेला.

"म्हणजे तुम्हीच का ते?" उघड्या डोळ्याने त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "कधीपासून शोधतोय मी तुम्हाला! साबण लावला की पाणी जातं. रोज! आधी नाही, नंतर नाही, साबण लावला की! हा काय प्रकार आहे?"

"अहो, हे मी नाही केलं."

"आत्ताच तर कबूल केलंत. अख्ख्या बेटाने ऐकलं."

"ते फोटोतलं!"

"फोटो इथलाच आहे ना?"

त्यांच्या मागून एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. मुलगी बिचारी फार नम्र. "काका, राग मानू नका हं, पण आमच्याकडे फ्लश ओढला की वरून शॉवर सुरू होतो. तुम्ही असं का केलंत?"

"अगं बाई, मी कशाला करू असं!"

"तेच म्हणते मी. कुणी कशाला करेल?"

तिचा नवरा डोक्यापासून पायापर्यंत ओला होता. तो नुसता ठिबकत होता.

मी मालकीणबाईंकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी ही बाई खरं सांगेल. बाईंनी जुडगा सावरला आणि मायाळूपणे म्हणाल्या, "आलेत ना ते आता! एकेकाने सांगा. सगळं करून देतील."

याला म्हणतात धंदा! मी उभ्या जन्मात अशी बाई पाहिली नाही.

तिथून निघून जायला हवं होतं. पण मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो. येत नसेल त्यांना." झालं! बावीस वर्षांत मला कुणी चोर म्हणालं असेल, उद्धट तर रोजच म्हणतात, पण येत नाही असं म्हणणारा तो दाताचा डॉक्टर सोडून जन्मला नव्हता.

"पाना आणा!" मी ओरडलो.

आधीचा प्लंबर काम अर्धं टाकून बेट सोडून पळाला होता, तो हत्यारांची पिशवी विसरून गेला होता. ती मालकीणबाईंनी काढून दिली. मी पिशवी उचलली आणि डोक्यात प्रकाश पडला. परत खाली ठेवली.

"आधी समुद्र दिसणारी खोली. माझ्या बायकोला. नाहीतर मी निघालो."

"सांगितलं ना, सगळ्या भरल्यात."

"मग तुम्ही कुठे झोपता?"

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा पाठीमागे धरला. मास्तर डोळ्यातला साबण पुसत म्हणाले, "वर गच्चीलगत. कोपऱ्यातली खोली. दोन बाजूंनी समुद्र आहे, मी पाहिलीय."

"त्यात पलंग एकच आहे," बाई म्हणाल्या.

"तिला एकच पुरतो!"

पाचव्या मिनिटाला बायकोची बॅग वर गेली. मी पिशवी खांद्याला लावून मास्तरांच्या खोलीत शिरलो. चार दिवस मग मी काय पाहिलं? आठ खोल्यांची आठ बाथरूमं. त्या पळालेल्या गड्याने गरम पाण्याचा पाइप फ्लशच्या टाकीला जोडला होता. एका खोलीचा नळ बंद करायला दुसऱ्या खोलीत जावं लागत होतं. मास्तर बॅटरी धरून मागे उभे असायचे आणि मी पाना कसा धरावा ते सांगायचे. एकदा मी म्हणालो, "मास्तर, तोंडाऐवजी उजेड इकडे पाडा." तेव्हापासून ते जरा नाराज होते. ओला नवरदेव तिसऱ्या दिवशी वाळला आणि बायकोसह मला भेटून गेला. मी त्या दोघांना सांगितलं, "आता दोर बिनधास्त ओढा आणि मला परत हाक मारू नका!"

मुक्काम माझा त्याच पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, भिंतीसमोर. बायकोच्या खोलीत दोनदा गेलो. पहिल्यांदा ती पलंगावर आडवी, पायाखाली उशी, हातात चहा. समोर समुद्र. डावीकडेही समुद्र.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"श्श!" ती म्हणाली. बोट जात होती, ती बघत होती.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने मान न वळवता सांगितलं, "आत येऊ नका, पाय ओले आहेत तुमचे." मी दारातूनच पाहिलं. समुद्राचा एक तुकडा दिसला. चांगला होता.

परतीच्या दिवशी मालकीणबाई धक्क्यापर्यंत सोडायला आल्या. बायको आणि त्या मैत्रिणींसारख्या बोलत होत्या. बोटीत बायकोने कधी नव्हे ते माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "जागा चांगली शोधलीत हो." मी मान डोलावली.

घरी आलो, तर मुलगी मोबाइल घेऊन हसत बसली होती.

"बाबा, आईने त्या जागेबद्दल अभिप्राय लिहिलाय. बोटीतूनच! वाचू का?"

"वाच की."

"'पलंगावर पडल्या पडल्या दोन बाजूंनी समुद्र दिसतो. शांतता आहे. नवऱ्याला सोबत न्यावं, त्याची सोय दुसरीकडे करतात. प्लंबर दिवसभर हजर असतो.' पाचपैकी चार तारे दिलेत."

"चार का? एक कशाचा कापला?"

"खाली लिहिलंय ना. 'प्लंबरचं काम चोख आहे, पण तोंड फार फटकळ.'"

 मुलीने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्याखाली मास्तरांनी लिहिलं होतं, "सहमत."